जेहान सर्कलजवळचा धक्का: विम्याविना मिटवलेल्या एका अपघाताचा हिशेब

श्रावणातला शनिवार, संध्याकाळचे सव्वासात, पावसाची भुरभुर. नाशिकच्या गंगापूर रोडवर जेहान सर्कलच्या अलीकडे एका हॅचबॅकने पुढच्या सेडानला मागून धक्का दिला. वेग फार नव्हता, वीसच्या आसपास असेल. हॅचबॅक चालवत होत्या माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई, वय ६३, आता निवृत्त. सेडानमध्ये पंचविशीतला एक मुलगा, हॉटेलांना मसाले पुरवणारा, आणि मागच्या सीटवर त्याची आई. कुणाला काही लागलेलं नाही, असं त्या घटकेला सगळ्यांनाच वाटलं.

मी मोटार विम्याचं काम करतो आणि बाईंची पॉलिसी माझ्याकडूनच आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मागे हॉर्नचा गोंगाट होता. "अरे, गाडी ठोकली मी. हे म्हणतायत दहा हजार द्या आणि मोकळ्या व्हा. पर्समध्ये पाच आहेत. देऊ का?"

मी म्हटलं, "बाई, आत्ता एक रुपया देऊ नका. चूक कुणाची यावरही बोलू नका. आधी त्या गाडीतल्या प्रत्येकाला विचारा, कुणाला लागलंय का. मग दोन्ही गाड्यांचे फोटो काढा आणि गाड्या कडेला घ्या. मी निघालोच."

बाईंना पैसे द्यायची घाई का झाली होती, ते मला कळत होतं. भोवती माणसं जमली होती, मागे रांग लागली होती, आणि आपण काहीतरी मोठं केलंय या भावनेने त्या कासावीस झाल्या होत्या. रस्त्यावर ठरणारा आकडा हा नुकसानीचा नसतो, त्या कासाविशीचा असतो. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता फोनवर पहिलं वाक्य तेच तोंडात येतं. पैसे नंतर.

मी पोहोचलो तेव्हा रेनकोटातले एक गृहस्थ दोघांमध्ये उभे राहून 'सात हजारांत तोडा' म्हणून समजावत होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांनी सेडानच्या मागे वाकून काही पाहिलं नव्हतं. मी मोबाईलचा टॉर्च लावला. मागच्या बंपरवर बाईंच्या नंबरप्लेटच्या दोन स्क्रूंचे ठसे उमटले होते, मटारच्या दाण्याएवढे. डिकीचं झाकण खालच्या कडेला चेपलं होतं, उजवा टेललॅम्प तडकला होता. बंपर मात्र जवळजवळ जागच्या जागी दिसत होता, आणि फसगत इथेच होते. बंपर प्लास्टिकचा असतो, दाबला गेला तरी परत फुगून जागेवर येतो. त्याच्या आतला लोखंडी बीम तसा परत येत नाही. तो वाकला आहे की नाही, हे बंपर उतरवल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

मग मी त्या मुलाला गाडीत बसून ब्रेक दाबायला सांगितलं. डावा ब्रेकलाइट पेटलाच नाही. तो डावीकडचा, धक्का उजव्या बाजूला बसलेला, म्हणजे तो आधीपासूनच बंद असावा. ब्रेक दाबलेला असतानाचा फोटो घेऊन ठेवला. मागच्या गाडीने पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायचंच असतं, त्यामुळे मुख्य चूक बाईंची, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण बंद लाइट हीही एक खरी गोष्ट होती आणि ती कुठेतरी धरली जायला हवी होती.

लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचे फोटो एकमेकांना पाठवले. दोन्ही पॉलिसी चालू आहेत ना, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून तिथल्या तिथे बघितलं. आरसीवरचं नाव त्या मुलाचं नव्हतं.

"दाजींची गाडी आहे," तो हळूच म्हणाला. "ते सुरतेला गेलेत, मंगळवारी येतील. त्याच्या आत नीट करून ठेवायचीय. त्यांना कळायला नको, दादा. मला कॅश द्या, मी करून घेतो."

घाई बाईंनाही होती आणि त्यालाही होती, फक्त कारणं वेगळी. पण नुकसान गाडीच्या मालकाचं झालेलं असतं आणि 'माझी मागणी मिटली' असं म्हणण्याचा अधिकारही मालकाचाच असतो. मेव्हण्याच्या हातात पैसे ठेवले आणि चार दिवसांनी दाजींनी डिकी उघडून विचारलं, की बाईंना दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागण्याची वाट मोकळी. मी त्याला म्हटलं, "आजच दाजींना फोन कर. तू लपवलंस तर ओरडा जास्त बसेल." त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून बोलणी बसली, पण पहिला प्रश्न होता, "आई ठीक आहेत ना?"

आई तेव्हा ठीक होत्या. रविवारी सकाळी साडेआठला त्या मुलाचा फोन आला. आईची मान आखडली होती, उजवीकडे वळवता येत नव्हती.

मागून धक्का बसला की बेसावध बसलेल्या माणसाची मान आधी मागे आणि मग पुढे झटकते. दुखणं बहुधा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येतं. म्हणून जागेवर 'मला काही झालं नाही' असं कुणी म्हणालं, तरी तो शेवटचा शब्द धरू नये. त्या माउलीने खोटं सांगितलं नव्हतं, तिला तेव्हा कळलंच नव्हतं. बाई मात्र हबकल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आता ते जास्त पैसे मागायला हे सांगतायत का?" मी म्हटलं, "बाई, आधी डॉक्टरांकडे जाऊ द्या. संशय नंतर." एक्सरेत हाड शाबूत निघालं. मानेला आधार देणारा गळपट्टा, गोळ्या आणि नंतर फिजिओथेरपी असा सल्ला मिळाला.

इथून प्रकरणाचा रंग बदलला. बंपर आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंपर आपसात मिटवता येतो, मानेचं तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळतील हे पाहणं, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत कळवणं, आणि आपल्या विमा कंपनीला लेखी माहिती देणं, हे चालकावर बंधनकारक आहे. खरं तर हे कलम दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीलाही लागू आहे. पण नुसता बंपर चेपला म्हणून ठाण्यात जाणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे, आणि शनिवारी रात्री मीही बाईंना तसं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

बाईंनी उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नव्हती. "मला आत टाकतील का रे?" असं त्यांनी खरोखर विचारलं. मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो. बेदरकारपणे गाडी चालवण्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१, जामीनपात्र आहे. पण तो नोंदला गेला तर दोघांनी घरात बसून मिटवण्यासारखा नाही. म्हणूनच आपण होऊन, वेळेत, खरं सांगायला जाणं महत्त्वाचं. दुपारी चारला आम्ही हद्दीतल्या ठाण्यात गेलो. तो मुलगाही आला. बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक पानी अर्ज लिहून नेला होता: तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, आईंच्या दुखण्याचा उल्लेख. अंमलदारांनी स्टेशन डायरीत नोंद घेतली. आईंचं म्हणणं त्यांनी मुलाच्या फोनवरून ऐकलं, आणि आईंनी आपल्याला तक्रार द्यायची नाही असं सांगितलं. सगळीकडे एवढ्यावरच भागेल असं मी म्हणणार नाही. या प्रकरणात भागलं.

त्याच संध्याकाळी विमा कंपनीला ईमेल केला. मजकूर मुद्दाम नीट शब्द निवडून लिहिला: अपघाताची माहिती, पोलीस नोंदीचा क्रमांक, समोरच्या गाडीतील प्रवाशास दुखापत, आणि शेवटी 'ही केवळ सूचना आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम सध्या करत नाही'. हे शेवटचं वाक्य नसेल तर कधी कधी सूचनेलाच क्लेम समजून नंबर पाडला जातो आणि नो क्लेम बोनसवरून, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवरून, वर्षाखेरीला वाद होतो.

ईमेलमागे आणखी एक कारण होतं, आणि ते फार थोड्या पॉलिसीधारकांना माहीत असतं. मोटार पॉलिसीच्या अटींमध्ये एक अट अशी असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कोणतीही कबुली, देकार (ऑफर), आश्वासन किंवा पैसे देऊ नयेत. म्हणजे आपण आपसात मिटवतो, तेव्हा काटेकोरपणे पाहिलं तर अट मोडतोच. गाडीपुरता हिशेब मिटणार असेल आणि कंपनीकडे काही मागायचंच नसेल, तर त्यातून सहसा काही उद्भवत नाही. पण उद्या माणसाच्या दुखापतीचा दावा उभा राहिला, तर कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. दुखापतीच्या दाव्याची रक्कम बंपरच्या बिलासारखी पर्समधून देण्याजोगी नसते. म्हणून कंपनीला अंधारात ठेवून बाईंनी काही करू नये, यावर मी अडून बसलो.

सोमवारी आकडे आले. बाईंच्या गाडीचं सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट १४,८०० रुपये: बंपर ४,२००, ग्रिल १,९००, हेडलॅम्प ५,२००, पेंटिंग २,४००, मजुरी १,१००. बाईंनी रेघी वही काढली आणि म्हणाल्या, "तू दर सांग, मी मांडते." गाडी सहा वर्षांची, झीरो डेप (सुट्या भागांच्या जुनेपणाची कपात, म्हणजे घसारा, न लावणारं जादा कव्हर) नाही. प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा, आणि हल्लीचा हेडलॅम्प म्हणजेही प्लास्टिकच. त्यामुळे बंपर, ग्रिल आणि लॅम्प मिळून ११,३०० चे ५,६५० उरले. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ३०० वजा. मजुरी पूर्ण. बेरीज ८,८५०. त्यातून सक्तीचे वजावटीचे १,००० गेले, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये गाडीमालकाने स्वतः सोसायचे (१५०० सीसीपर्यंत हजार, त्यावर दोन हजार). कंपनीकडून मिळाले असते ७,८५०.

आता दुसरी बाजू. बाईंचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर होता, सगळ्यात वरच्या पायरीवर. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्य, मग क्लेमशिवाय एकेक वर्ष गेलं की २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. बाईंनी वहीत उभी वजाबाकी केली: पहिल्या वर्षी ५० टक्के जास्त, मग ३०, २५, १५, ५. "एकूण १२५ टक्के," त्या म्हणाल्या, "म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण हप्त्याच्या सव्वा पट." हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) हप्त्यावर नाही. बाईंचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता साधारण ६,००० होता. सव्वा पट म्हणजे ७,५००. गाडी जुनी होईल तसा हप्ता थोडा उतरेल, पण ढोबळ हिशेब हाच.

७,८५० मिळवण्यासाठी ७,५०० घालवायचे. बाईंनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, फळ्यावर मारायच्या तशाच.

हीच गाडी दोन वर्षांची असती, झीरो डेप असता आणि बोनस २० टक्के असता, तर मी बेलाशक क्लेम करायला सांगितलं असतं. 'लहान क्लेम करू नये' असा सरसकट सल्ला मी देत नाही. प्रत्येक वेळी वही काढावी लागते. बाईंचं काम सातपूरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे ९,५०० रुपयांत झालं. हेडलॅम्प गाडीला जिथे अडकवतात तो फक्त एक कान तुटला होता. त्याने तो प्लास्टिक वेल्डिंगने जोडला, लॅम्पच्या पुढच्या आवरणावर ओरखडाही नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये मात्र नवा लॅम्प धरला होता.

सेडानही त्याच गॅरेजला आणली. वरवर पाहून १९,००० सांगितले होते. बंपर उतरवला तर आतला बीम मधोमध वाकलेला आणि पार्किंग सेन्सरची वायर चेपून उघडी पडलेली. ३,६०० वाढले, एकूण २२,६००. शनिवारी सात हजारांत 'तुटलं' असतं, तर हा बीम उतरवल्यावर कुणी कुणाला फोन केला असता आणि कोणत्या शब्दांत, याचा अंदाज करता येतो.

मंगळवारी दाजी आले, सुरतेहून थेट गॅरेजवर. माणूस स्पष्ट बोलणारा. त्यांची पॉलिसी झीरो डेप होती. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही तुमच्या पॉलिसीवर क्लेम केलात तर तुम्हाला वजावटीचे हजार आणि गेलेला बोनस एवढाच भुर्दंड पडेल, तो बाई भरून देतील, आणि बाईंचे बरेच पैसे वाचतील. फक्त तसं केलंत तर बाईंना 'आता कुणाचीच मागणी नाही' असं लिहून देऊ नका, कारण तुमची कंपनी ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करू शकते आणि तो हक्क तुम्ही परस्पर सोडू शकत नाही. दाजी म्हणाले, "माझी गाडी उभी होती म्हणा ना जवळजवळ. माझ्या पॉलिसीवर क्लेम का घेऊ?" आणि बाई त्याच दमात म्हणाल्या, "माझी चूक त्यांच्या पॉलिसीवर नको." माझं मत वेगळं होतं. पण पैसे त्यांचे होते आणि दोघांनीही समजून उमजून ठरवलं होतं.

ब्रेकलाइटचा फोटो मी दाजींना दाखवला. ते मेव्हण्याकडे बघून क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वरचे २,६०० माझे." वीस हजारांवर ठरलं. घासाघीस झाली नाही, आणि त्याचं कारण कुणाचा मोठेपणा हे नव्हतं. उतरवलेला बंपर, वाकलेला बीम आणि फोटो सगळ्यांच्या समोर होते, प्रत्येकाला आकडा डोळ्यांनी दिसत होता.

पैसे दाजींच्या हातात न देता बाईंनी यूपीआयने थेट गॅरेजला दिले, दहा हजार आगाऊ आणि दहा गाडी ताब्यात देताना. बिल दाजींच्या नावावर. त्यामुळे पैसे कशाला गेले हा प्रश्नच उरला नाही. दाजींना स्टॅम्पपेपरवर हवं होतं, तर तसं केलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून जिथे शंभरचा चाले तिथे पाचशेचा लागतो, तो खर्च निम्मा-निम्मा. नुसती पावती केली असती तरी चाललं असतं, मात्र पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायला विसरू नये.

कागद अर्ध्या पानाचा. त्यात चूक कुणाची हे लिहिलं नाही, त्याची गरजही नव्हती. दोन्ही गाड्यांचे नंबर, घटनेची तारीख-वेळ-ठिकाण, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, आणि ही तीन वाक्यं: 'वाहनाच्या नुकसानीपुरता हा हिशेब पूर्ण व अंतिम असून त्याबाबत माझी कोणतीही मागणी उरलेली नाही. प्रवाशाच्या शारीरिक दुखापतीशी या कागदाचा संबंध नाही. दुरुस्तीच्या कामात दोष निघाल्यास तो तीन महिन्यांत गॅरेजने विनामूल्य दूर करायचा आहे.' खाली दाजी, बाई, गॅरेजवाला आणि दोन साक्षीदार. दुखापतीबद्दलचं वाक्य गाळावं असं दाजींच्या ओळखीतल्या एकाने सुचवलं होतं, म्हणजे 'सगळं एकदाच मिटेल'. मी नकार दिला. ज्या माउलीची मान दुखते आहे ती तिथे हजरच नव्हती. तिच्या वतीने जावयाने किंवा मुलाने तिचा हक्क सोडून द्यायचा, हे मला पटणं शक्य नव्हतं.

वीस दिवसांनी दाजींचा फोन आला. धो धो पाऊस झाला होता आणि डिकीत पाणी साचलं होतं, स्टेपनीच्या खोबणीत वाटीभर. झाकण बसवताना रबरी बीडिंग एका कोपऱ्यात दुमडलं होतं. कागदातलं तिसरं वाक्य गॅरेजवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि त्याने दुसऱ्या दिवशी बीडिंग बदलून दिलं.

आईंची बिलं, म्हणजे डॉक्टरांची फी, एक्सरे, गळपट्टा आणि सहा दिवस फिजिओथेरपी, ४,३०० रुपये झाली. बाईंना ती द्यायचीच होती. कंपनीला आधी ईमेलने कळवलं, नुसती पोच आली. संमती काही आली नव्हती, हे मी बाईंपासून लपवलं नाही. त्यांनी तरीही पैसे दिले, 'औषधोपचाराच्या बिलांपोटी, माणुसकीच्या नात्याने' एवढंच लिहून. आईंकडून त्यावर फक्त पोच घेतली.

गळपट्टा पाचव्या आठवड्यात निघाला. तेव्हा बाईंनी मला विचारलं, "आता त्यांच्याकडून लिहून घ्यायचं का रे, की यापुढे काही मागणी नाही म्हणून?" दुखापतीच्या दाव्याला एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे, पण त्या मुदतीला आव्हान दिलेलं आहे. त्यामुळे फेब्रुवारी उलटला की विषय संपला, असं मी कुणाला सांगत नाही. आणि प्रश्न मुदतीचा नव्हताच.

मी म्हटलं, "बाई, त्यांना अजून उजव्या कुशीवर झोपता येत नाही. आपलं दुखणं किती, हे त्यांनाच अजून कळलेलं नाही. ते कळायच्या आधी त्यांची सही घ्यायची?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांचा नंबर दे. मीच विचारते, झोप लागते का."